सकाळी सातचे पाणी

तलावाकाठच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाण्याचे नमुने तपासणाऱ्या बाईंना सगळे ‘थेंबमावशी’ म्हणत. बावीस वर्षे त्या रोज सकाळी सातला धक्क्यावर बाटली भरत आणि पाण्याचा सामू, म्हणजे ते आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, नोंदवहीत लिहीत. सातलाच का? पहिली पाळी सातला सुरू होई म्हणून. याहून खोल कारण कोणी शोधले नव्हते.

त्या उन्हाळ्यात पाण्यावर निळसर हिरवी साय धरली. त्यातल्या काही शेवाळांत विष असते, आणि शहराचे पाणी तर तलावाच्या दोन दारांपैकी पृष्ठभागाजवळच्या वरच्याच दारातून उचलले जाई. तरी सामू रोज साडेसातच्या आसपास. अभियंता साहेब नोंदवही पाहत आणि निर्धास्त होत.

एके दिवशी धक्क्याच्या फाटकाचे कुलूप अडकले. ते निघेपर्यंत दुपारचे तीन वाजले. त्या नमुन्याचा सामू भरला नऊ पूर्णांक चार.

“मावशी, तुमचं मीटर म्हातारं झालंय,” साहेब म्हणाले.

“माझ्याहून तरुण आहे ते!”

मावशींनी ठरावीक सामूच्या दोन द्रावणांत मीटर बुडवून पाहिले. चोख होते. मग खोटे काय, आजचा आकडा की बावीस वर्षांचे? एका दुपारच्या आकड्यावर त्यांचाही विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन त्या धक्क्यावर ठाण मांडून बसल्या. सातला ७.६, दहाला ८.३, एकला ९.१, तीनला ९.४, ऊन कलल्यावर आकडा उतरू लागला.

खोटे काहीच नव्हते. उन्हात शेवाळ पाण्यातला कर्बवायू ओढून घेते. पाण्याला आम्लतेकडे झुकवणारा तो वायूच सरला की पाणी अल्कधर्मी होते. रात्री शेवाळ श्वासावाटे तोच वायू परत सोडते, म्हणून सकाळचे पाणी साळसूद. शिवाय कर्बवायू आटला की इतर शेवाळे उपाशी पडतात. हे निळे-हिरवे मात्र पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट या क्षारावरही पोट भरते. स्वतःच पाणी बदलायचे आणि त्यातच फोफावायचे!

“वरचं दार बंद करा, साहेब. खालचं उघडा, हे शेवाळ वरच तरंगतं.”

“खालच्या पाण्याला वास येतो. लोक मला फाडून खातील.”

“वास नाकाला कळतो. विष कळत नाही.”

दुसऱ्या दिवशी तीनला साहेब स्वतः धक्क्यावर आले, बाटली स्वतःच भरली, मीटर स्वतःच धरले. ९.५. तिथूनच त्यांनी फोन करून दार बदलायला सांगितले आणि एक बाटली विषाच्या तपासणीसाठी पाठवली.

संध्याकाळी ते प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले.

“वासाची पहिली तक्रार आली. तुमच्या सूनबाईंची.”

“अगं बाई! मग काय सांगितलंत?”

“म्हटलं, सासूबाईंना विचारा.”