जावेची वेगळी चूल

घरात कोणी रुसलं की काय करायचं, याची माझ्याजवळ तयार यादी असते: साडी, माहेरची चक्कर, आवडीची भाजी. म्हणून धाकट्या जावेने माझ्या हातचं जेवण सोडलं तेव्हा मी त्याच क्रमाने कामाला लागले. वर्ध्याजवळच्या आंजी गावात आम्ही एकाच घरात राहतो. स्वयंपाक माझ्याकडे, गाईगुरं तिच्याकडे. यादी संपली, तरी ती जेवेना.

"वाटनी पाह्यजे तिले, दुसरं काई नाई," सासूबाई म्हणाल्या. गावाचंही तेच मत. पानठेल्यावर दिराला ऐकावं लागे, "काय गा, बायकोनं चूल मागतली म्हनते." शेवटी मीच मागच्या खोलीत शेगडी, सिलिंडर आणि किराणा लावून दिला. रुसवा असता तर तिथेच मिटला असता.

आठवड्याच्या आत तिने नवी तूरडाळ उकिरड्यावर टाकली. पाकीट तर मी फोडलंही नव्हतं. तिचं केस विंचरणंही बंद झालं होतं. त्याला आम्ही आळस म्हणत होतो. एका दुपारी ती भिंतीला कान लावून उभी दिसली.

"काऊन वं, काय ऐकून राह्यली?"

"ह्या बाया माह्याच गोष्टी करतात वो ताई. म्हनतात, थोरली डाळीत फवारनीचं औषध टाकते."

भिंतीपलीकडे कोणीच नव्हतं. आणि थोरली म्हणजे मी.

सासूबाईंनी करणीचा संशय घेऊन अंगारा आणला. मी म्हटलं, अंगारा लावा, पण सोमवारी दवाखानाही होऊ द्या. जावेला विचारलं, "येतं का माह्यासंग?"  सोमवारी ती स्वतः भरलेली पाण्याची बाटली घेऊन दिराच्या मागे बसमध्ये चढली आणि माझ्या शेजारी बसली.

वर्ध्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, तिच्याशी एकटीशी बोलल्या आणि मग आम्हाला बसवून सांगितलं. नसलेले आवाज ऐकू येणं, जवळच्याच माणसाबद्दल समजावूनही न हलणारा संशय, स्वतःकडे दुर्लक्ष, ही सगळी आजाराची लक्षणं. आधी त्या सायकोसिस म्हणाल्या, म्हणजे खरं काय नि भास काय याचं भान सुटणं. स्किझोफ्रेनिया हे नाव त्यांनी काही महिने पाहिल्यानंतरच घेतलं. कारण एकच नसतं, असंही म्हणाल्या: मेंदूतल्या रसायनांचा बिघडलेला तोल, काही घराण्यांत असलेला कल, त्यात ताण, मोडलेली झोप.

"माह्या हातून काई झालं का?" दिराने विचारलं.

"नाही. कुणाच्याच नाही."

त्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं. इतक्या महिन्यांत त्याला हे सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

माझा प्रश्न कामाचा होता: डाळ तिच्यासमोर खाऊन दाखवू का? त्या म्हणाल्या, "वाद घालू नका. तिच्या संशयाला होही म्हणू नका. तिला भीती वाटते, तेवढं मात्र खरं माना."

घरी येऊन मी जावेला म्हटलं, "मी काई टाकत नाई. पन तुले भेव वाटते, हे खरं. तू रांध, मी तुह्याकडं जेवतो." तेव्हापासून दुपारचं जेवण मी तिच्या चुलीवरचं जेवू लागले. तिची वांग्याची भाजी माझ्यापेक्षा बरी होते, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

गोळ्यांनी सुरुवातीला फार झोप येई, हात थरथरत. डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं, प्रमाण बसवलं. आवाज दूर गेले. पूर्ण थांबले असं ती म्हणत नाही. आता औषध आणायच्या दिवशी तीच मला आठवण करून देते.

उपकार मानावे अशी माणसं बरीच आहेत, पण सगळ्यांच्या वर मी तिलाच धरते. विष घालणारी म्हणून जिच्याबद्दल तिला खात्री होती, तिच्याच शेजारी ती बसमध्ये बसली. परवा शेंगा फोडताना मी विचारलंच, "त्या दिवशी आली कशी वं तू?"

"भेव तं तुमचंच होतं," ती म्हणाली. "पन त्या बायाईसंग घरी एकटं राहाचं त्याहून भेव वाटे."

आणि तिने शेंगांनी भरलेलं सूप माझ्याकडे सरकवलं.