लोखंडी पेटीतले दात

१९ जानेवारी, सोमवार, सकाळी साडेदहा. नगरमधला दातांचा दवाखाना. हजर: आई, मी, डॉक्टरीणबाई आणि त्यांची मदतनीस. आईचे खालचे दातही हजर होते, पण तोंडात नव्हे, माझ्या पर्समध्ये स्टीलच्या डबीत. गैरहजर: धाकटा भाऊ. कांद्याला पाणी द्यायचं होतं आणि दुपारी वीज जाणार होती.

मी डबी उघडून पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी कवळी उचलली, जवळ नेली आणि त्यांचं नाक आक्रसलं.

"हा वास कसला?"

"डांबरगोळीचा," मी म्हणाले.

त्यांनी आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर पाहत होती.

एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं स्टोअर मी सांभाळते. कोणतं बेअरिंग कधी बदललं, कुठल्या मोटरला तेल कधी दिलं, याची कार्डं माझ्याकडे असतात. घरीही तीच सवय. पाण्याची टाकी, गॅसची नळी, गाडीचा विमा, सगळ्यांच्या तारखा केडगावच्या घरी फ्रिजवर लावलेल्या आहेत. त्यांत अडीच वर्षांपूर्वी आईच्या दातांचं एक कार्ड वाढलं.

आई पाथर्डीच्या पलीकडे, गावाकडे, भाऊ आणि भावजयीबरोबर राहते. तिचे सगळे दात गेले त्याला बरीच वर्षं झाली. वरची कवळी बसायची, खालची बसायची नाही. जबडा झिजून सपाट झालेला, त्यामुळे बोलताना जिभेबरोबर कवळीही वर यायची. शेवटी तिने ती काढूनच ठेवली आणि भाकरी ताकात भिजवून गिळायला लागली. बाजरीची भाकरी आणि ठेचा यांवर जिचा जीव, तिला असं खाताना बघवत नव्हतं. मी चौकशी केली, दोन दवाखाने पाहिले आणि तिला इथे आणलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. खालच्या हाडात दोन स्क्रू बसवायचे, तेच इम्प्लांट. काही महिन्यांत हाड त्यांना घट्ट धरतं. मग त्यांच्यावर बटणासारखी टोकं लावायची आणि कवळी त्या टोकांवर टचकन बसवायची. आईने त्या टोकांना पहिल्याच दिवशी खुंट्या म्हणायला सुरुवात केली. पुढे आम्हीही तोच शब्द उचलला.

कुठलीही वस्तू घेताना विचारते तसं मी विचारलं होतं, "किती वर्षं टिकतील?"

"हाडातला स्क्रू नीट सांभाळला तर आजींना आयुष्यभर पुरेल," त्या म्हणाल्या होत्या. "त्यावर बसणारी कवळी दहाएक वर्षांनी नवी करावी लागते. कवळीच्या आत नायलॉनच्या रिंगा असतात. काढ-घाल करून त्या झिजतात, त्या बदलायच्या, सोपं काम आहे. पण खुंटीभोवतीची हिरडी रोज घासली नाही तर स्क्रूचं काही खरं नाही."

आईने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला होता. "माझ्या मागं दुसऱ्या कुनाला उपेगी पडतील का?"

डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. मीही हसले. तेव्हा तिथे थांबून विचार करायला हवा होता, असं आता वाटतं.

कवळी बसली त्या दिवशी मी एसटी स्टँडवर भाजलेल्या शेंगा घेतल्या. तिला पोचवायला मी गावापर्यंत गेले. पाथर्डी येईपर्यंत ती एकेक दाणा दाढेखाली घेत होती, आवाज ऐकत होती आणि टरफलं पदरात गोळा करत होती. मध्येच म्हणाली, "कडाकडा वाजतंय बघ." मग पुन्हा नुसती चावत राहिली.

मी तिला पाच ओळींची यादी मोठ्या अक्षरांत लिहून, लॅमिनेट करून दिली. जेवल्यावर चूळ भरणे. रात्री कवळी काढून, धुऊन पाण्यात ठेवणे. दोन्ही खुंट्या मऊ ब्रशने चारी बाजूंनी घासणे. मिश्री बंद. दर सहा महिन्यांनी तपासणी. मिश्री तिने खरंच सोडली. लहानपणापासूनची सवय, पण एका दिवसात सोडली. बाकीचं तर ती पाळतच असणार, असं मी गृहीत धरलं.

पहिल्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी कवळी दिव्याखाली धरली. "आजी, काय स्वच्छ ठेवलीय हो! रिंगासुद्धा झिजलेल्या नाहीत." हिरडी थोडी लाल आहे, ब्रश जरा नीट फिरवा, असंही त्या म्हणाल्या. मी कार्डावर 'उत्तम' लिहिलं. रिंगा का झिजल्या नाहीत, हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या. कारखान्यात एखाद्या यंत्राचा पट्टा सहा महिने नवाच दिसला तर मी आधी विचारते की यंत्र चालू तरी होतं का.

पुढची तपासणी कांदे काढणीत हुकली. त्यापुढची माझ्या ऑडिटमध्ये. पण दर रविवारी माझा फोन असायचा.

"दात कसेत?"

"हायेत की. नव्यासारखं."

मी बरोबरची खूण करायचे.

गावी मी नेहमी आधी फोन करून जाते. जानेवारीतल्या त्या रविवारी तसं झालं नाही. शेजाऱ्यांची गाडी पाथर्डीकडे निघाली होती, मागची सीट रिकामी होती, मी बसले. घराशी पोचले तर मागच्या शेतात भाऊ आणि भावजय आगटीवर हुरडा भाजत होते. आई उंबऱ्यात बसली होती. पुढ्यात खलबत्ता. हुरड्याचे कोवळे दाणे ती कुटत होती आणि बोटाने तोंडात सारत होती. मी दिसताच तिने आधी पदर तोंडावर ओढला. आपल्या लेकीपासून.

"दात कुठेत, आई?"

"हायेत की."

"कुठे?"

"ठिवलेत."

तिने कमरेची किल्ली काढली. आतल्या खोलीतली लोखंडी पेटी उघडली. वर लुगडी, त्याखाली मी दिलेली लोकरीची शाल, घडी न मोडलेली. त्याखाली मी दिलेला थर्मास, खोक्यासकट. मी दिलेला चष्मा, त्याच्या घरात. ती तारेने बांधलेला जुना चष्मा लावूनच हे सगळं बाहेर काढत होती. तळाशी स्टीलची डबी, डबीत कापूस, कापसावर कवळी आणि बाजूला दोन डांबरगोळ्या. डबीखाली माझी यादी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली.

"अगं, पाण्यात ठेवायची ती! हे काय केलंस?"

"पान्यात ठिवलेलं काय टिकतंय व्हय?"

"आणि लावत का नाहीस?"

"लावते की. तू आली की लावते, पाव्हनं आलं की लावते. रोज लावल्यावर झिजत्यात. त्या बाईच म्हनल्या, रिंगा झिजत्यात म्हून. आता तुज्या पोरीचं लगीन. तवर टिकाय पायजेत का न्हाई? फोटोत आजीचं बोळकं दिसंल."

माझी मुलगी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लग्नाचा विषय निघाला की ती खोलीतून उठून जाते.

"खुंट्या तरी घासत होतीस का?"

"खाल्लंच न्हाई तर घासायचं काय?"

भावजय राखेने भरलेले हात घेऊन दाराशी येऊन उभी होती. मी तिच्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"मला वाटलं तुमाला ठाव असंल, ताई." मग हळूच, "आणि सांगितलं असतं तर आत्यांनी मला जेवू दिलं नसतं सुखानं." ती सासूला आत्या म्हणते.

"चुगलखोर," आई म्हणाली, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

मी आईला उजेडात बसवून तोंड उघडायला लावलं. डावी खुंटी सुजलेल्या हिरडीत जवळजवळ बुडाली होती. बोट लावलं तर ती हलली. मी बोट लगेच मागे घेतलं. त्यानंतर तिथे हुरडा कुणी खाल्ला नाही. भाऊ पत्रावळीत घेऊन आला आणि तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, आधी सांगितलं तसं, आम्ही हजर झालो. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला आणि पडदा आमच्याकडे वळवला. डाव्या स्क्रूभोवतीचं हाड वाटीसारखं खोलगट होऊन गेलं होतं. उजव्याभोवती निम्मं उरलं होतं.

"आजी, दुखत नव्हतं?"

"दुखलं असतं तर बोंब मारली नसती का?"

"हेच वाईट असतं," त्या मला म्हणाल्या. "खऱ्या दाताला नस असते, तो ओरडतो. याला नस नाही. हिरडी सुजते, घासताना रक्त येतं, तेवढीच खूण. तेव्हा आला असता तर साफ करून थांबवता आलं असतं. हलायला लागल्यावर काढण्यावाचून इलाज नाही."

"आणि उजवी?"

"ती मी आतून स्वच्छ करते. पुढे रोज घासायची. तीन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढू. हाड तेवढंच राहिलं असेल तर तिच्या आधाराने काहीतरी करता येईल. आणखी खाली गेलं असेल, तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माझ्या कामांच्या वहीत मी ते तसंच उतरवलं.

कवळी त्यांनी बसवून पाहिली. कोरडी राहून ती किंचित वाकली होती, हिरडीवर टेकेना. नवीच करावी लागणार, पण ती उजव्या खुंटीचं काय ते ठरल्यावर.

डावी खुंटी निघायला फार वेळ लागला नाही. आईने तोंडात कापूस धरलेला, तरी हात पुढे केला. मदतनीस म्हणाली, "आजी, आता ही घेऊन काय करणार?" आईने बोटांनीच खूण केली, दे. तो इवलासा स्क्रू तिने रुमालात बांधला आणि कमरेला खोवला.

पंधरा दिवस मी तिला केडगावला ठेवून घेतलं. रोज सकाळ-संध्याकाळ ती खुर्चीत बसायची, मी टॉर्च लावून बाटली धुवायच्या ब्रशासारखा पण काडीएवढा ब्रश उजव्या खुंटीभोवती फिरवायचे. ती विनातक्रार तोंड उघडायची. तिच्यावर रागवावं असं ठरवलं तरी जमायचं नाही. एकदा ब्रशला रक्त लागलं नाही. तेव्हा आम्हा दोघींनाही एवढा आनंद झाला की मी तिला जरा जास्त तुपाचा शिरा करून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागलं.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "तू दिलंस म्हून जपलं गं. दुसऱ्या कुनाचं असतं तर वापरून टाकलं असतं."

मी तिला सांगू लागले की कारखान्यात बंद ठेवलेलं यंत्रच आधी बिघडतं, म्हणून राखीव मोटरसुद्धा आठवड्यातून एकदा फिरवायची असते. तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती मोटर तुजी लेक देती व्हय?"

फेब्रुवारीत ती गावी परतली. आता ब्रशचं काम भावजयीकडे आहे. ती मोबाईलवर फोटो पाठवते, अंधूक, अर्धा ओठांचा, त्यात काही समजत नाही. भाकरी पुन्हा ताकात आहे. कवळी माझ्या स्वयंपाकघरात काचेच्या बरणीत पाण्यात ठेवली आहे. बसत नाही, तरी मी पाणी बदलते. मुलगी म्हणाली, "आई, ती बरणी जरा मागे सरकव ना." मी मागे सरकवली.

गेल्या रविवारी फोनवर आईनेच विषय काढला. "त्या बाईंना फोन केला का? तीन म्हयनं झालं."

"करते."

"करून टाक. न्हाईच राहिली खुंटी तर नातीला सांग, आजी फोटोत पदर घेईल तोंडावर. लई मोठं न्हाई त्यात."

"असं काही होणार नाही," मी म्हणाले. हे मी कशाच्या आधारावर म्हणाले, मला माहीत नाही.

एक्स-रेची वेळ घ्यायला दोन मिनिटं पुरतात. नंबर मोबाईलमध्ये पहिल्या पाचांत आहे. वहीत या आठवड्याची सात कामं होती. टाकी धुतली, विमा भरला, कारखान्यातल्या दोन्ही राखीव मोटरींची कार्डं पुरी केली, भावजयीला नवे ब्रश पाठवले, गॅसची नळी बदलली, मुलीच्या परीक्षेचा फॉर्म झाला. दवाखान्याला फोन करणे, याच्यापुढचा चौकोन रिकामा आहे. हे सलग तिसऱ्या आठवड्याचं पान, ज्यावर मी तो नव्याने काढला आहे.