जागेवर आलेला आकडा

माझ्या भावजयीला प्रयोगशाळेत सगळे ‘हलक्या हाताची’ म्हणतात. हलक्या हाताची! घरी तिच्या हातून एक बशी धड राहत नाही. पण इथे ती ग्रॅफाइटच्या खड्यावर चिकटपट्टी दाबते, सोलते, पुन्हा सोलते आणि शेवटी ग्रॅफीनचा असा पापुद्रा काढते की सूक्ष्मदर्शकाखालीही जेमतेम दिसावा. कार्बनच्या अणूंची एकपदरी जाळीच ती. हे काम तिला शिकवलं मी. नोकरीला लावलं मी. आणि कौतुक तिचं! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, लपवू कशाला?

आमचं काम ती जाळी ताणायचं. पापुद्रा प्लास्टिकच्या पट्टीवर बसवायचा, टोकांना धातूचे जोड द्यायचे आणि पट्टी वाकवायची. जाळी ताणली गेली की तिच्यातून जाताना वीज अडखळते, रोध थोडासा वाढतो. पट्टी सोडली की आकडा परत जागेवर यायला हवा.

कायमच्या नोकरीची जागा एकच होती. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, “दोघी आपापली पट्टी लावा. जिची भरवशाची, तिला जागा.”

मोजण्याआधी पट्टी नुसतीच वाकवून बघायची, कच्चा जोड तिथेच कळतो. हा धडा माझाच. भावजय तो शांतपणे गिरवत बसली होती आणि मला तिच्याआधी आकडा दाखवायचा होता. मी पट्टी थेट यंत्रावर चढवली. स्क्रू फिरवून ती वाकवली, रोध टुणकन वर! मागून तिनेही पट्टी लावली. तिचा आकडा जेमतेम हलला. मी तिच्याकडे बघून चक्क हसले.

“आता सोडा,” बाई म्हणाल्या.

तिचा आकडा गुमान जागेवर आला. माझा वरच राहिला. माझा जोडच उखडला होता, जाळीचा त्यात काही संबंध नव्हता.

बाईंनी तिची पाठ थोपटली. “पट्टी आधी नुसती वाकवून बघायचं कुणी शिकवलं गं?”

“ताईंनी,” भावजय म्हणाली. “त्या कधीच चुकवत नाहीत.”

बाईंनी एकदा माझ्या पट्टीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. टोमणा असता तर मी तिथल्या तिथे परत केला असता. पण ती अगदी मनापासून बोलली होती. जागा गेली ती गेली, मेलीने मला धड जळूसुद्धा दिलं नाही.