रुक्माबाईची फारखत

"सोडचिठ्ठी नको, देविदासमामा. ती त्यानं द्यायची अन् मी पदर पसरून घ्यायची व्हय? फारखत लिहा."

शिरड शहापूरच्या रुक्माबाईनं असं म्हटलं अन् मी चाटच पडलो. तहसीलबाहेर टेबल टाकून तीस वर्षं अर्ज लिहितोय, हा शब्द कुणी मागितला नव्हता. माझे आजोबा निजामाच्या काळात उर्दूत कागद लिहायचे, त्यांच्यामुळं मला ठाऊक. फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे लिखाण. मोकळं झाल्याचं लिखाण! तेच झिजून फारकत झालं, अन् आता लोकांना त्यात नुसती ताटातूट दिसते. रुक्माबाईनं तो जुना शब्द तिच्या आजीच्या तोंडून ऐकलेला.

तिचा नवरा किसनराव अडतीस वर्षांपासून जवळा बाजारला दुसरी करून बसलेला. ही भावाच्या रानात हळद काढून जगली. आता पोटात गाठ निघाली होती.

"कोर्टात हे चालत न्हाई, बाई."

"मला कुठं कोर्टात जायचंय? मसणात जायचंय. मी मेल्यावर त्यानं येऊन मला कुंकू लावू नये. तेवढं अडवा."

किसनरावाकडं तीन खेपा वाया गेल्या. चौथ्या वेळी गड्यानं सही केली, वर चहा पाजला. कागद त्याच दिवशी तिच्या हातात द्यायचा की नाही? पण माझी खोड! साक्षीदारांच्या सह्या राहिल्या होत्या, अन् अर्धवट कागद मी देत नसतो. सोमवारी पुरा कागदच देऊ म्हणून सही झाल्याचंही तिला कळवलं नाही. रविवारी ती गेली.

मी पोचलो तर किसनराव हिरवं लुगडं घेऊन हजर. सही केलेला माणूस, काही लाज? भावकीनं बोलावलं म्हणे, नवरा जिता असून बाई तशी कशी न्यायची. बायका रांगेनं तिच्या पाया पडत होत्या. "अहेव गेली, नशीबवान!"

कागद माझ्या खिशात होता. मी उठलो.

"मामा, बसा. उशीर व्हायलाय," कुणीतरी म्हणालं.

अन् मी बसलो. एवढ्या माणसांत भ्यालो, दुसरं काही नाही. किसनरावानं तिच्या कपाळभर मळवट भरला.

माती आटोपल्यावर तिची भाची ज्योती जवळ आली. "मामा, त्यानं सही दिली होती का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मुडदा बशिवला त्याचा," ती म्हणाली, "तुमी तरी किती हेलपाटे घातले आत्यासाठी," अन् माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.