नायिकेचा होकार

रविवारी सकाळी आमच्या घरी मुलीच्या, सुमतीच्या, लग्नाच्या याद्या झाल्या. खर्च सहा लाख, दोन्हीकडे निम्मा-निम्मा. हजर माणसं अकरा. सुमती आतल्या खोलीत होती, म्हणून ती यात धरलेली नाही. देणंघेणं, मानपान कागदावर उतरलं आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी सह्या केल्या.

कागद देवापुढे ठेवायला आत नेला, तेव्हा सुमती माझी एक जुनी कादंबरी वाचत होती. विसाव्या वर्षी मी ती तीनदा वाचली होती. इतकी गोड प्रेमकथा दुसरी नाही, असं तेव्हा वाटायचं.

"बाबा, यातली नायिका 'हो' कधी म्हणते?"

"शेवटी. लाजते ना ती."

"लाजते असं लेखक म्हणतो. ती काहीच म्हणत नाही."

मी चष्मा लावून शेवटची चाळीस पानं पाहिली. नायिका सात वेळा मान खाली घालते, दोनदा रडते. तिला कुणी काही विचारल्याचं एकही वाक्य नाही. ते रडणं मी आनंदाचं धरलं होतं. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. माझ्यासारख्या किती वाचकांनी त्या गप्प बाईच्या वतीने होकार देऊन टाकला असेल, कोण जाणे.

"तुला मुलगा पसंत आहे ना?" मी विचारलं.

"सह्या झाल्या ना, बाबा?"

बाहेरून बायकोने हाक मारली, "अहो, कार्यालयवाले खोळंबलेत."

मी बाहेर गेलो आणि कार्यालयाच्या मालकांना पन्नास हजार रुपये आगाऊ दिले.