डॉक्टर वत्सलाक्कांचं बंद दार

"तू बाहेर जा आणि दार लावून घे." डॉक्टर वत्सलाक्कांनी मला म्हटलेलं हे पहिलं वाक्य. माझं सगळं बदललं ते त्याच क्षणी. तेव्हा मात्र मला फक्त राग आला होता.

अक्कांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात मोठी माणसं लिहितील. मी इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून चामराजपेटेत वडिलांच्या शिलाईच्या दुकानात बसतो. कॉलेज का सोडलं हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या मुलीचं लग्न झालं, ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला गेली आणि माझं पुस्तकातलं लक्षच उडालं. तिला विचारूनच हे लिहितोय. नाव मात्र नको म्हणाली.

पुढं सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. "हिच्या डोक्यात फरक पडलाय," म्हणाले. दूध गॅसवर ठेवून ती विसरायची, बोलता बोलता शब्द हरवायचा, ट्यूबलाइट लावली की डोळे झाकून घ्यायची. गल्लीनं त्याला नाटकं म्हटलं. तिच्या आईचे गुडघे धरलेले, म्हणून त्या मला म्हणाल्या, "बाबा, तूच ने तिला अक्कांकडे."

आमच्यात बाईला दवाखान्यात एकटीला पाठवत नाहीत. बरोबरचा माणूस बोलतो, ती मान हलवते. अक्कांनी तिला विचारलं, "काय होतंय?" आणि मी सुरू झालो. तेव्हा ते वाक्य ऐकलं.

"अहो, तिला नीट आठवत नाही, म्हणून मी—"

"सरी, असू दे," अक्का कानडी वळणानं म्हणाल्या. "तिला आठवेल तेवढं पुरे आहे मला."

नवरा असो, आई असो, अक्का आधी सगळ्यांना बाहेर काढतात, हे मला मागाहून कळलं.

बऱ्याच वेळानं, तिची हरकत नाही म्हटल्यावर, मला आत बोलावलं, तेव्हा कळलं. नवऱ्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं होतं, तेही एकदा नव्हे. गळाही दाबला होता. ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. अक्कांनी विचारलं.

"ही वेडी नाही," अक्का म्हणाल्या. "मेंदूला इजा झालीय. स्कॅन स्वच्छ आला तरी इजा असू शकते. विश्रांती मिळाली, पुन्हा मार बसला नाही, तर बरंच सुधारतं."

"म्हणजे मी वेडी नाही," ती म्हणाली आणि किती दिवसांनी हसली.

मी उठलो, त्याचे हात मोडायला निघालो. "स्वल्प बस, जरा थांब," अक्का म्हणाल्या. "तू त्याला मारशील, तो राग कुणावर काढेल? आणि तुझा आवाज चढल्यावर तिनं कान झाकलेत, ते बघ. शिलाईवाल्यांचा मुलगा ना तू? तिच्या खोलीला जाड पडदे शीव. उजेड सोसत नाही तिला."

मी दुहेरी अस्तर लावून पडदे शिवले. वडील टाके बघून म्हणाले, "कॉलेजात जमलं नाही ते डॉक्टरांनी शिकवलं तुला."

अक्कांनी तिची एका वकीलबाईंशी गाठ घालून दिली. तक्रार करायची का, परत जायचं का, यातलं काहीच तिच्या वतीनं ठरवलं नाही. उलट्या झाल्या, झापड आली, गिळताना त्रास झाला तर थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं, हे मात्र तिच्या आईकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

परवा आम्ही तिला पुन्हा दाखवायला गेलो. पडदे आता अर्धे उघडे असतात, दूध उतू जात नाही. अक्कांनी विचारलं, "कशी आहेस?" माझं तोंड उघडलं, तसंच मिटलं.

"वाक्य पुरं होतं आता," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "कुणी मध्ये बोललं नाही तर."

अक्का मनापासून हसल्या. त्या हसण्याला पुष्कळ आयुष्य मिळो, त्यांचे कान असेच तिखट राहोत आणि आमच्यासारख्यांना बाहेर काढायचा त्यांचा जोर तसूभरही कमी न होवो, एवढंच मागतो.

मग अक्कांनी तिला विचारलं, "पुढं काय करावंसं वाटतंय?"

तिच्या त्या उत्तराचीच मी कॉलेज सोडल्यापासून वाट बघत होतो म्हणा ना. कुणी सांगायच्या आत मी उठलो, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.