संदर्भयादीतले वडील

जिम्मा शहराजवळच्या कृषी महाविद्यालयातली एतागेन्य मंदेफ्रो थकली होती, आणि ती काही शिकवून शिकवून नव्हे. कॉफीच्या रोगावरचा तिचा निबंध परदेशी नियतकालिकाने पुन्हा परत पाठवला होता, आणि कारण काय, तर संदर्भशैली. आधी साल कंसात हवं होतं, मग आकडे हवे झाले, आता म्हणे प्रत्येक नाव आडनावाने सुरू करा. अहो, आमच्याकडे आडनाव असतंच कुठे? माणसाचं स्वतःचं नाव, मागे बापाचं, संपलं. आमच्या महाविद्यालयाची पत्रिका नाव जसंच्या तसं छापते, पण तिला बाहेर विचारतो कोण.

निबंधाचा कणा म्हणजे गाशे वुबिशेत लेम्मांच्या नोंदी. एतागेन्यचे हे म्हातारे गुरुजी, वडीलधारे म्हणून सगळ्यांचे 'गाशे', उभी हयात मळ्यामळ्यांतून रोगट फांद्या तपासत हिंडले. त्या नोंदींना कुणी कुत्रं विचारत नव्हतं. आता छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले. डोळे मिटण्याआधी त्यांना आपलं नाव जगाच्या कागदावर दिसावं, म्हणून तिने हा सगळा खटाटोप मांडलेला. संपादकांशी भांडभांड भांडली. शेवटी अंगात त्राणच उरलं नाही, तेव्हा म्हणतील तसं करून दिलं.

निबंध छापून आल्यावर ती पानं घेऊन त्यांच्याकडे गेली. गाशेंनी चष्मा चढवला, थेट शेवटची संदर्भयादी काढली आणि बोट खाली नेत 'वुबिशेत' शोधू लागले. यादी संपली. बोट परत वर गेलं, पुन्हा खाली उतरलं.

"छान झालाय गं," ते म्हणाले. "जागा पुरली नसेल. चालायचंच."

तिने त्यांचं बोट धरून मधल्या एका ओळीवर ठेवलं. तिथे लेम्मा होतं, आणि त्यापुढे वुबिशेतमधलं एकच अक्षर. त्यांनी पान चष्म्याजवळ आणलं.

"हे तर आमचे वडील. नांगराशिवाय काही हातात धरलं नाही त्यांनी." मग त्यांनी पहिलं पान उलटलं. "आणि हे लेखक मंदेफ्रो कोण?"

तिथे तिचंही एकच अक्षर उरलं होतं. तिच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

"माझे बाबा," ती म्हणाली. "खेचरं हाकायचे."

"म्हणजे दोन अडाणी म्हाताऱ्यांनी मिळून निबंध लिहिला म्हणायचा," गाशे म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

तीही हसली. मग पेन काढून तिने संदर्भयादीतल्या त्या अक्षरावर अख्खं 'वुबिशेत' लिहिलं. बाकीच्या प्रती केव्हाच जगात निघून गेल्या होत्या.